टॉवरखालची चक्कर

परवा एका गावी ग्रामसभेत बोंडअळीवर बोलायला गेलो, आणि अर्धा वेळ मोबाईलच्या टॉवरवरच गेला. एकाने बांधालगतची जागा टॉवरला भाड्याने दिलेली. तो हटवा, असा ठराव घ्यायचे घाटत होते. शेजारचे आजोबा उठले. "साहेब, टॉवर झाल्यापासून चक्कर येते, मळमळतं. या लहरींनी आमचं काही खरं नाही."

या सूक्ष्मलहरींत क्ष-किरणांसारखी पेशीतला जनुकीय धागा तोडण्याची ताकद नसते. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. फार तीव्र झोतात डोळ्याच्या भिंगाला इजा होते, कारण तिथली उष्णता वाहून न्यायला रक्तच नाही. म्हणून चालू अँटेनासमोर कुणी चढू नये. पण अँटेना झोत फेकतो तो आडवा आणि दूरवर. टॉवरच्या बुडाशी दिव्याखाली अंधार! त्यातून अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते. आपल्या सरकारने २०१२ साली टॉवरची मर्यादाही आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. शंका असेल तर दूरसंचार खात्याच्या 'तरंग संचार' संकेतस्थळावर टॉवरची माहिती मिळते.

कर्करोगाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरी 'कदाचित कारक' गटात घातल्या. पुरावा अपुरा, पण शंका पुरती फिटलेली नाही. ती शंकाही मुख्यतः कानाला लावलेल्या मोबाईलवरून आली. आणि गंमत बघा, रेंज कमी असली की मोबाईल जास्त जोर लावतो. म्हणजे टॉवर लांब घालवला तर डोक्याशी लहरी वाढायच्या! लांबलचक बोलणे असेल तर स्पीकर लावा.

आजोबांची चक्कर मात्र खोटी नव्हती. विचारले, फवारणी कोण करतं?

"मीच की."

तोंडाला काय बांधता?

"काय बांधायचं? उपरणं असतं खांद्यावर."

चक्कर कोणत्या दिवशी येते? आजोबा जरा थांबले. "पंप पाठीवर घेतला, की त्या संध्याकाळी."

सभा गप्प झाली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, ते सगळ्यांना आठवत होते. ठरावाचे राहिले बाजूला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांना नातवाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडले. औषधाच्या बाटलीवरचे लेबल सोबत न्या, असे बजावले. कोणते विष अंगात गेले, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.