ओळख पटली का?

जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठाच्या शेवटी सामान्यज्ञानाचा एक प्रश्न विचारायचा, हा आमचा रोजचा नेम. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष झालं की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूनं प्रश्न लिहायचा आणि शाळा सुटेपर्यंत तो पुसायचा नाही. अलिबाग-मुरुड पट्ट्यातल्या शाळांत १९८९ ते २०२३ अशी चौतीस वर्षं मी हे केलं. निवडणूक आली की आदल्या दिवशी तो कोपराही पुसला जायचा, बाकं भिंतीला लागायची, दारावर मतदान केंद्राचा क्रमांक चिकटायचा. माझ्या वर्गात दुसरीकडचे गुरुजी येऊन बसायचे आणि मी दुसऱ्या कुठल्या तरी गावी, अगदी तशाच खोलीत, तशाच फळ्याखाली. तिथेही प्रश्न विचारणारी मीच असायची. दिवसभर एकच प्रश्न: नाव काय?

मतदान केंद्रावरचा अधिकारी परका असावा, हे बरोबरच आहे. पण परका माणूस कुणाला ओळखणार? मतदाराच्या ओळखीचे सगळे नियम याच अडचणीतून आले, असं मला या वर्षांकडे मागे वळून बघताना वाटतं.

परिपाठातला आमच्या जिल्ह्याचा हुकमी प्रश्न म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख, हे उत्तर पाचवीचं पोरही देतं. पण १९५२ साली ते आपल्याच कुलाबा मतदारसंघातून पहिल्या लोकसभेवर निवडून गेले, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. (कुलाब्याचं रायगड झालं १ जानेवारी १९८१ रोजी, अंतुले मुख्यमंत्री असताना. हाही परिपाठातला ठरलेला प्रश्न.) त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, आणि मतदारानं आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत सोडायची.

त्याआधी मताचा हक्क शेतसारा, मालमत्ता, शिक्षण यांवर ठरायचा. आमच्याच जिल्ह्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षं संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, रानातली लाकडं विकून दिवस काढले. पिढ्यान् पिढ्या जमीन कसणाऱ्या त्या कुळांचं नाव कागदावर धडपणे लागत नव्हतं. अशा घरातल्या माणसांची नावं वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली एवढ्याच कारणानं सरकारी यादीत आली, ती या पहिल्या मतदार यादीत. मला ही घटना त्या निवडणुकीच्या निकालापेक्षा मोठी वाटते.

त्या यादीतही भोक होतंच. देशभरात सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नावाशिवाय नोंद घ्यायची नाही, हा आग्रह धरला. ही वगळणूक मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतली. आपल्याकडे अडचण उलटी होती. बाई स्वतःचं नाव सांगायची, नवऱ्याचं घ्यायची नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतही ‘पतीचं नाव?’ म्हटलं की म्हाताऱ्या कोळणी आणि आगरी बायका मागे वळून रांगेतल्या दुसरीकडे बघायच्या आणि ती सांगायची. उखाण्याशिवाय न घेतलेलं नाव परक्या बाईसमोर कसं घ्यायचं? त्या मागच्या बाईनं सांगितलेलं नाव यादीशी जुळलं की माझं काम व्हायचं.

कायद्यालाही ही रीत मान्य होती. १९६१ च्या निवडणूक नियमांत केंद्राध्यक्षाला मतदार ओळखण्यासाठी मदतीला माणसं नेमण्याची मुभा आहे. यादीतली चूक निव्वळ लेखनाची किंवा छपाईची असेल आणि माणूस तोच अशी खात्री पटली, तर ती चूक सोडून द्यावी, असंही त्यात लिहिलं आहे. पोलिंग एजंटला शंका आली तर त्यानं दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो आणि आक्षेप उगाच घेतला असं दिसलं तर पैसे जप्त. आज दोन रुपयांत काही येत नाही, पण नियमातली रक्कम तीच आहे. आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर? तुम्ही परत जायचं नाही. ओळख पटली की कागदी मतपत्रिका मागायची. तिला प्रदत्त मत म्हणतात आणि ती वेगळ्या पाकिटात बंद होते. ती एरवी मोजली जात नाही, प्रकरण कोर्टात गेलं तरच तिचा उपयोग. हा प्रश्न मी फळ्यावर अनेकदा लिहिला. मुलांना उत्तर यायचं नाही, घरी विचारून या म्हटलं तरी यायचं नाही.

शाईचा प्रश्न मात्र सगळ्यांच्या आवडीचा. ती म्हैसूरच्या कारखान्यात बनते, १९६२ पासून तिथूनच देशभर जाते, आणि तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीवर उजेडात काळं पडतं. मुलं माझं बोट धरून रोज बघायची, डाग कुठवर सरकला.

मग आला मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांचा काळ. ऑगस्ट १९९३ मध्ये त्यांनी मतदारांना छायाचित्र ओळखपत्र देण्याचा आदेश काढला आणि कार्डं दिली नाहीत तर १ जानेवारी १९९५ नंतर निवडणुका होणार नाहीत, असं बजावलं. मामला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. महाराष्ट्राची विधानसभा १९९५ च्या सुरुवातीला झालीच, कार्डांचं काम अर्धवट असताना. पण त्या दोन वर्षांत गावोगाव जे घडलं ते मी विसरणार नाही. शाळेच्या व्हरांड्यात पांढरी चादर, पुढे स्टूल, समोर कॅमेरा. कित्येक आज्यांचा आयुष्यातला तो पहिला फोटो. कपाळावरचा पदर थोडा मागे घ्या म्हटलं की त्या मागे उभ्या असलेल्या सुनेकडे बघायच्या. कार्डं आली तेव्हा चेहरे काळेकरडे, नावांत काना-मात्रेचा घोळ, कुणाचं वय भलतंच. माझ्या सासूबाईंच्या कार्डावर सत्तावीस वर्षं लिहिलेलं होतं, तेव्हा त्या बासष्टच्या होत्या. तरी त्यांनी ते रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलं. रेशनकार्ड कुटुंबाचं असतं, हे एकट्या त्यांचं होतं.

पुढे कार्डाला पर्याय आले, हे फार चांगलं झालं. २०२४ च्या लोकसभेला आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटोचं बँक पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, दिव्यांगांचं कार्ड असे बारा कागद चालत होते. या यादीतल्या जॉबकार्डाचं मोल मला आमच्या कातकरी वाड्यांमुळे कळलं. दिवाळीनंतर बिऱ्हाड वीटभट्टीवर जातं, पावसाच्या तोंडावर परततं. लोकसभेचं मतदान नेमकं त्याच दिवसांत येतं, २०१९ ला २३ एप्रिल, २०२४ ला ७ मे. मतदानासाठी भट्टीवरून एका दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला कागदावरून परत पाठवणं मला कधीच जमलं नसतं. शिवाय कार्ड असलं तरी यादीत नाव नसेल तर मत नाही, ही गोष्ट अजूनही पुष्कळांना माहीत नसते. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून घरोघर फिरताना हेच मी सर्वांत जास्त वेळा सांगितलं असेल.

श्रीवर्धन-म्हसळ्याकडे वेगळंच. घरटी एखादा तरी आखातात. २०१० च्या कायदादुरुस्तीनं परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला पासपोर्टावरच्या गावात मतदार होता येतं, पण त्याला मतदार ओळखपत्र मिळत नाही. मूळ पासपोर्ट घेऊन त्यानं स्वतः केंद्रावर यायचं. कुवेतहून एका मतासाठी कोण येईल? ज्याची सुट्टी त्या आठवड्यात पडली, तो येतो.

एवढं सगळं मतदाराच्या चेहऱ्याबद्दल. उमेदवाराचा चेहरा? रायगड मतदारसंघाइतका हा प्रश्न क्वचितच कुठे झोंबला असेल. २०१४ साली अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. त्याच यंत्रावर सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष होता, त्याला ९,८४९ मतं पडली. ती सारी चुकून पडली असं कुणी सिद्ध करू शकत नाही, पण आकडे शेजारी ठेवले की जीव चरकतो. यंत्रावर उमेदवाराचा फोटो लावण्याचा नियम आला १ मे २०१५ पासून. मतदाराच्या फोटोचा आदेश १९९३ चा. बावीस वर्षं आम्ही मतदाराला चेहरा दाखवायला सांगत होतो आणि उमेदवार नुसत्या नावावर उभा होता. हा क्रम उलटा असायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

एकसारखी नावं आमच्या किनाऱ्याला नवी नाहीत. गावात निम्मे पाटील, निम्मे म्हात्रे, नाहीतर घरत, नाईक, ठाकूर. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत. २०२५ च्या नोव्हेंबरात राज्य निवडणूक आयोगानं स्थानिक निवडणुकांच्या याद्यांत संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापायचं ठरवलं, तेव्हा मला हेच आठवलं. दुबार नावं शोधायलाच हवीत, त्यात दुमत नाही. पण नाव एक आणि माणसं दोन, असंही असतं.

२ डिसेंबरला नगरपरिषदेसाठी मी मतदान करून बाहेर पडत होते. माझ्याच गल्लीतल्या दोघी आत आल्या. नाव एक, नवऱ्याचं नाव एक, आडनाव एक, वयात दोन वर्षांचा फरक. दोघींच्या नावापुढे तारे. वेगवेगळ्या वेळी आलो तर घोटाळा होईल म्हणून त्या ठरवून जोडीनं आल्या होत्या, आपापलं कार्ड हातात धरून. टेबलामागचा तरुण अधिकारी, बहुधा कुठल्या तरी शाळेतला शिक्षकच, आधी कार्डांकडे आणि मग दोघींकडे बघत राहिला. थोरलीनं धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘ही दुसरी, गुरुजी.’ त्यानं हमीपत्राचे दोन कागद पुढे सरकवले. एकीनं सही केली, दुसरीनं अंगठा.