गिअरबॉक्समध्ये नेमकं कोण ओरडतंय?

मॅन्युअल गिअरची गाडी जवळपास असेल तर हे करून बघा. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला. आता क्लचचं पेडल हळूहळू पूर्ण दाबा आणि कान द्या. पेडल वर असताना घरघर होती आणि दाबल्यावर थांबली, तर आवाज इनपुट शाफ्टबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी आहे. त्याची बेअरिंग किंवा कायम एकमेकांत अडकलेले गिअर. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर संशय बहुधा क्लचच्या रिलीज बेअरिंगवर.

गॅरेजवाले मामा हे दोन मिनिटांत करतात, आपण त्यावर पाच वर्षं पीएचडी करतो! पण गंमत बाजूला ठेवा. यात निदानाचं मूळ तत्त्व आहे: एक भाग थांबवायचा किंवा त्याच्यावरचा भार बदलायचा आणि आवाज त्याच्यासोबत बदलतो का बघायचं. रस्त्यावरही तेच. फक्त तिसऱ्या गिअरमध्येच आवाज येत असेल तर ती जोडी तपासा. सगळ्या गिअरमध्ये येतो, गाडीच्या वेगाबरोबर वाढतो आणि क्लच दाबून गाडी नुसती घरंगळली तरी राहतो? मग फायनल ड्राइव्ह, डिफरन्शिअल किंवा चाकाची बेअरिंग. चाकाच्या बेअरिंगचं खापर गिअरबॉक्सवर फुटणं हा तर नेहमीचाच प्रकार.

आवाजाची जातही ओळखायला हवी. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे ७५० आरपीएमच्या आयडलिंगला सेकंदाला २५ धक्के. ज्या गिअरांवर भार नाही त्यांचे दाते या धक्क्यांनी आपल्या फटीत पुढेमागे आपटतात. ही खडखड. ती ऐकायला वाईट, पण दरवेळी बिघाड असतोच असं नाही. दुसरी ती कुईं. ती भाराखालच्या दातांतून येते आणि तिचा सूर वेगाबरोबर चढतो. माझं काम या दुसऱ्या जातीवर आहे.

आता थोडं गणित. इनपुट शाफ्ट २४०० आरपीएमवर फिरतोय, म्हणजे सेकंदाला ४० फेरे. तिसऱ्या गिअरच्या जोडीत इनपुटवर २३ दाते, आउटपुटवर ३१. दाते सेकंदाला ४० × २३ = ९२० वेळा भिडतात, म्हणून स्पेक्ट्रममध्ये ९२० हर्ट्झला शिखर. नवखा विद्यार्थी त्या उंच शिखराकडे बोट दाखवून म्हणतो, हा बिघाड! नाही हो. ते शिखर ठणठणीत गिअरबॉक्समध्येही असतं. शिवाय भार बदलला की त्याची उंची बदलते.

बघायचं ते त्याच्या आजूबाजूला. एका गिअरचा एक दात तुटका असेल तर त्याच्या शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका चुकतो, आणि मोठ्या शिखराच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर छोटी शिखरं उगवतात. यांना साइडबँड म्हणतात. अंतर ४० हर्ट्झ असेल, म्हणजे ८८० आणि ९६०, तर दोष २३ दातांच्या गिअरवर. आउटपुट शाफ्ट सेकंदाला ४० × २३ / ३१, म्हणजे सुमारे २९.७ फेरे घेतो. अंतर तेवढं असेल, म्हणजे ८९०.३ आणि ९४९.७, तर दोष ३१ दातांच्या गिअरवर. उंची फक्त काहीतरी बिनसलंय एवढं सांगते, कोणाचं बिनसलंय ते अंतर सांगतं. थोडे साइडबँड चांगल्या गिअरलाही असतात, कारण कुठलाच गिअर अगदी मध्यावर बसत नाही. ते सहसा शिखराला चिकटून एक-दोन असतात. तुटक्या दाताचे दूरवर पसरतात.

इथेच मी तोंडावर आपटलो. माझ्याकडे एका गिअरबॉक्सची रेकॉर्डिंग्ज होती. आधी चांगला गिअर लावून सगळी घेतली, मग बॉक्स उघडून ३१ दातांचा, एक दात मुद्दाम तोडलेला गिअर बसवला आणि उरलेली घेतली. मशीन लर्निंगला भरपूर नमुने लागतात म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगचे ०.१ सेकंदाचे तुकडे पाडले आणि ते पिसून शिकवणीत आणि परीक्षेत वाटले. मॉडेलचं जवळजवळ प्रत्येक उत्तर बरोबर! पेपरचा मसुदाही लिहायला घेतला.

गाइड सरांनी आलेख बघितले आणि एवढंच म्हणाले, "बॉक्स उघड, चांगला गिअर परत बसव, पुन्हा रेकॉर्डिंग घे." घेतलं. मॉडेल त्या निरोगी बॉक्सला सरळ "बिघडलेला" म्हणत होतं.

मॉडेलने तुटका दात शिकलाच नव्हता. त्याने "एकदा उघडलेला बॉक्स" शिकला होता. पुन्हा बसवताना बोल्टचा ताण बदलला, तेलाचं तापमान वेगळं, आणि मुख्य म्हणजे सेन्सर पुन्हा चिकटवला. गाडीच्या गिअरबॉक्सचं कवच बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचं असतं, त्यावर चुंबक चिकटत नाही. लोखंडी बोल्टच्या डोक्यावर लावा किंवा गोंदाने चिकटवा. जागा आणि पकड बदलली की वरच्या फ्रीक्वेन्सीचं चित्र बदलतं. त्यात एकाच रेकॉर्डिंगचे शेजारशेजारचे तुकडे दोन्हीकडे गेलेले, म्हणजे पेपर आधीच फुटलेला.

आणि ०.१ सेकंदाचे तुकडे? तेवढ्या वेळात इनपुट शाफ्टचे जेमतेम चार फेरे होतात आणि स्पेक्ट्रमची बारकाई १० हर्ट्झची राहते. ८८० आणि ८९०.३ वेगळे दिसणार कसे? म्हणजे ज्या अंतरावर सगळं निदान उभं आहे, तेच मी नमुने वाढवायच्या नादात पुसून टाकलं होतं.

मग तुकडे लांब करावेत? करावेत, पण तेवढ्याने भागत नाही. वेग एक टक्का हलला की ९२० चं शिखर ९ हर्ट्झने सरकतं आणि लांब तुकड्यात सगळं फासटतं. म्हणून सेकंदांऐवजी फेरे मोजतात: शाफ्टवर टॅको लावून प्रत्येक फेऱ्यात सारखे नमुने पडतील असा सिग्नल पुन्हा मांडायचा. मग ते शिखर वेग काहीही असला तरी "इनपुटच्या एका फेऱ्याला २३" याच जागी राहतं. त्यापुढे हव्या त्या शाफ्टचे शंभर फेरे एकावर एक ठेवून सरासरी काढली, की त्या शाफ्टशी ताल न जुळणारा गोंगाट साधारण दहापट खाली बसतो.

आता मी चांगला आणि तुटका, दोन्ही गिअर आलटूनपालटून तीन-तीन वेळा नव्याने बसवतो. परीक्षेसाठी एक अख्खी जोडणी बाजूला असते, तिचा एकही तुकडा शिकवणीत जात नाही. यात चार महिने गेले आणि बोटं तेलात बुडाली. मॉडेलचे गुण पहिल्यापेक्षा कमी आले. पण तुटका गिअर बसवला त्या तिन्ही वेळा २९.७ च्या अंतराची शिखरं दूरवर पसरलेली दिसली, चांगल्या गिअरच्या तिन्ही वेळा दिसली नाहीत. मसुद्यात आता हाच आलेख पहिला आहे.