निरोप कोठे संपतो?

संगणकावरील गप्पांचा मजकूर पडद्यावर उमटण्यापूर्वी त्याचे काय होते, हे आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही समजून घ्यावे, असे मला वाटते. प्रश्न यंत्राचा दिसला, तरी मुळात तो वाचनाचा आहे.

अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी आपल्या जिल्ह्याचे भूषण होय. सुमारे ४० फूट लांबीच्या त्या कापडाला पाने नाहीत. जुन्या पोथ्यांतही शब्द बहुधा सलग लिहिलेले असत. ओवी संपली हे दंडावरून ओळखायचे. जाळ्यावरून येणारा मजकूर असाच सलग असतो.

फिनलंडमधील औलू येथे जार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली 'आयआरसी' ही गप्पांची पद्धत निर्माण केली. तिचे नियम १९९३ साली प्रसिद्ध झाले. निरोप ५१२ बाइटांपेक्षा मोठा नसावा आणि त्याच्या शेवटी ओळ संपल्याच्या दोन खुणा असाव्यात, असा दंडक त्यांत आहे. परंतु जाळे निरोप मोजून देत नाही. कधी अर्धाच येतो, कधी अडीच एकदम येतात. म्हणून आलेले सर्व साठवावे, खूण दिसेल तेथे तोडावे आणि उरलेला तुकडा पुढच्यासाठी जपून ठेवावा.

मराठीच्या बाबतीत ही दक्षता अधिकच हवी. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'बीड' या शब्दात ब, दीर्घ वेलांटी आणि ड अशी तीन चिन्हे, म्हणजे ९ बाइट झाले. तुकडा नेमका अक्षराच्या मध्येच तुटला आणि प्रोग्रॅमने तो तसाच वाचला, तर अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह उमटते. इंग्रजी अक्षर एकाच बाइटाचे असल्याने हा दोष इंग्रजीत दिसतही नाही.

आता निरोपाची रचना पाहू. आरंभी पाठवणाऱ्याचे नाव, मग आज्ञा, मग कोणासाठी ते, आणि शेवटी विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर मजकूर. समजा, मजकूर असा आहे : 'उद्या परीक्षा नाही : परवा आहे.' मजकूर सुरू झाल्यावर येणारी टिंबे मजकुराचीच धरावी लागतात. प्रोग्रॅमने तेथे पुन्हा तोडले, तर वाचणाऱ्याला 'उद्या परीक्षा नाही' एवढेच दिसेल आणि बिचारा परवा घरीच राहील!

मित्रहो, आधी सीमा ओळखावी, मग अक्षरे जुळवावीत, आणि अर्थ त्यानंतर लावावा. पोथी वाचणाऱ्याने हाच क्रम पाळायचा आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेही. मराठीची जाण असलेल्या विद्यार्थ्याला या कामात परके वाटण्याचे कारण नाही.