नर्सिंगची फी भरण्यापूर्वी नोंदणी पाहा

आसनगाव-शहापूरच्या दुकानदार व कारागीर बांधवांना आमची विनंती आहे. मुलीला परिचारिका करायचे असेल तर दहावीनंतर शाखा निवडतानाच हिशेब मांडा. बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचे; त्याला बारावी विज्ञान, जीवशास्त्र व राज्याची सीईटी लागते. कला-वाणिज्यच्या मुलींसाठी ३ वर्षांचा जीएनएम खुला आहे. इंग्रजीसह बारावीत ४० टक्के गुण हवेत. जीएनएमनंतर २ वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी.ही होते.

दुकानाला परवाना, तशी परिचारिकेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. सहा महिन्यांच्या खासगी प्रमाणपत्रावर ती मिळत नाही. माल पारखल्याशिवाय आपण पैसे मोजत नाही. मग संस्थेची मान्यता न पाहता फी का भरावी?