पुढचा थर

हर्नियाच्या ऑपरेशनचं चित्र काढताना पहिली रेघ कातडीची ओढायची नसते, हाडाची ओढायची असते. कमरेच्या पुढच्या बाजूला बोट दाबलं की एक टोकदार उंचवटा लागतो, तो पहिला बिंदू. खाली, जांघेच्या आतल्या अंगाला जघनास्थीचा बारीक उंचवटा हाताला लागतो, तो दुसरा. या दोहोंना जोडणारा एक तिरका, ताठ पट्टा असतो, इंग्विनल लिगामेंट. हा पट्टा कागदावर नेमका बसला की पुढचं सगळं त्याच्या आधाराने बसतं. तो बोटभर जरी सरकला, तरी वरचं काम कितीही सुबक असो, सर्जनच्या दृष्टीने ते चित्र निरुपयोगी.

नातेपुत्यात मी पोरांना चित्रकला शिकवत आलो. फुलदाणी, निसर्गदृश्य, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा हे माझं जग. इथल्या एका सर्जनने एकदा विचारलं, ‘‘सर, पेशंटला दाखवायला चार चित्रं काढून द्याल का? फोटो दाखवला की माणसं घाबरतात, आणि घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही.’’ तेव्हापासून हे काम माझ्या मागे लागलं आणि मीही त्याच्या.

आमच्या माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याचं पाणी जिथे जिथे फिरलं तिथे ऊस आला, आणि उसाबरोबर मोळ्या उचलणं आलं. त्यामुळे जांघेतला हर्निया, ज्याला जुनी माणसं अंतर्गळ म्हणतात, तो इथे नवा नाही. ‘‘जड उचललं आणि झालं,’’ असं प्रत्येक जण सांगतो. खरं तर पोटाच्या भिंतीत तिथे वाट आधीपासूनच असते. जन्माआधी वृषण पोटातून खाली उतरतात ती ही वाट, आणि काहींमध्ये ती पुरती बुजत नाही. मोळी उचलताना पोटावर ताण येतो आणि आतडं तीच वाट धरतं. चित्रात ही वाट दाखवता आली पाहिजे. नुसती फुगलेली जांघ काढली तर पेशंटला जे आरशात दिसतं तेच त्याला परत दाखवल्यासारखं होतं.

ऑपरेशन थिएटरमध्ये माझी जागा ठरलेली आहे, सर्जनच्या उजव्या खांद्यामागे, एका स्टुलावर. अंगात थिएटरचे कपडे, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, आणि हात छातीशी. हिरव्या चादरीला माझ्या वहीचा कोपराही लागता कामा नये. पेशंटला आधी विचारलेलं असतं. कमरेखाली भूल दिलेली असल्यामुळे तो जागाच असतो, आणि एखादा मधूनच विचारतो, ‘‘चित्रवाले सर आल्यात का?’’

चीर लिगामेंटला समांतर, त्याच्या थोडी वर. कातडीखाली पिवळी चरबी. तिच्यातून एक-दोन बारीक शिरा आडव्या जातात, त्या बांधून कापतात. चरबीखाली एक पातळ पडदा, आणि तो बाजूला झाला की मोत्यासारखी पांढरी, चकाकती चादर दिसते. हा बाहेरच्या तिरक्या स्नायूचा पसरलेला कंडरा. त्याचे तंतू वरून खाली, बाहेरून आत येतात, पँटच्या खिशात हात घातल्यावर बोटांची दिशा असते तसे. ही दिशा मी वहीत सगळ्यात आधी टिपतो, कारण सर्जनची कात्री याच दिशेने जाणार असते. तंतूंच्या आडवं कापलं तर भिंत दुबळी होते. तंतूंच्या बाजूने कापलं तर ती परत नीट शिवता येते.

चित्रकाराला खरी अडचण इथे येते. ही चादर उघडण्याआधी डॉक्टर क्षणभर थांबतात. कात्रीचं टोक चादरीखाली सरकवतात, उचलून धरतात, मगच कापतात. ते उचलून का धरतात, हे मला पहिल्यांदा पाहताना कळलं नव्हतं. चादरीच्या लगेच खाली एक बारीक नस असते, इलिओइंग्विनल. ती कापली गेली तर जांघेचा आणि आसपासचा भाग बधिर होतो, आणि टाक्यात अडकली तर ऑपरेशन उत्तम होऊनही माणूस महिनोन्‌महिने दुखण्याने हैराण होतो. त्या क्षणी ती नस कुणालाच दिसत नसते. डॉक्टरांना ती माहीत असते. चित्रात मात्र ती दिसलीच पाहिजे, कारण चादर उघडण्याचं चित्र सर्जरी शिकणाऱ्या ज्या पोरासाठी काढायचं आहे त्याला त्या चादरीपेक्षा त्या नसेची गरज जास्त आहे.

माझ्या मते ऑपरेशनच्या चित्राचं सगळं मोल या एका गोष्टीत आहे. डोळ्यापुढचा थर काढणं हे फार तर निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे पुढचा, अजून न उघडलेला थर या चित्रात सुचवणं. मी ती नस तुटक पिवळ्या रेघेने काढतो, चादरीच्या पांढऱ्यातून झिरपल्यासारखी. कॅमेऱ्याला हे जमत नाही. फोटोत थिएटरच्या दिव्याची चकाकी येते, सगळ्यावर एकच लाल रंग चढतो आणि निम्मी चौकट हातमोज्यांनी व्यापते. आणि फोटो कितीही स्वच्छ आला तरी तो त्या क्षणाच्या पलीकडचं काही सांगत नाही.

चादर उघडल्यावर वृषणरज्जू दिसतो. तो फितीने उचलून धरतात. त्यात वीर्यवाहिनी असते, रक्तवाहिन्या असतात, आणि आडवळणाचा, म्हणजे त्या जुन्या वाटेनेच उतरलेला, हर्निया असेल तर पुढच्या-बाहेरच्या अंगाला त्याची पांढुरकी पिशवीही असते. डॉक्टर ती पिशवी बोटाने, गॉझने, हळूहळू वेगळी करतात. हा भाग सगळ्यात सावकाश चालतो आणि इथेच माझी सगळ्यात जास्त पानं भरतात. वीर्यवाहिनी डोळ्यापेक्षा बोटांना आधी सापडते. चिमटीत धरली की ती ताठ दोरीसारखी लागते, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून चित्रातही मी तिच्या दोन्ही कडा एकसारख्या ठळक ठेवतो आणि शेजारच्या शिरा मऊ, तुटक रेघेने काढतो. पिशवी आत ढकलून झाली की पॉलिप्रॉपिलीनची जाळी येते. तिची खालची कड लिगामेंटला शिवायची आणि बाहेरच्या टोकाला चीर देऊन त्यातून रज्जूला वाट ठेवायची. हे सगळं पाहत असताना वहीत मी चित्र काढतच नाही म्हटलं तरी चालेल. काढतो ते बाण, क्रम, तंतूंची दिशा, आणि प्रत्येक पानाच्या एका कडेला ‘डोकं’ असा शब्द. तो राहिला तर घरी गेल्यावर वर कुठलं आणि खाली कुठलं हा गोंधळ ठरलेला.

घरच्या टेबलावर काम वेगळं चालतं. आधी ट्रेसिंग पेपर. तीन टप्पे, पण जागा आणि कोन एकच, म्हणजे कागद एकमेकांवर ठेवले की एक थर उचलल्यावर खाली दुसरा लागतो. उजेड डावीकडून वरून येतो असं धरायचं, ही जुनी रीत. कापलेल्या कडेची रेघ जाड, शरीराच्या मूळ वळणाची बारीक. रक्त काढायचं नाही. हत्यारांची फक्त टोकं दाखवायची. धमनी लाल, शीर निळी, नस पिवळी. कंडऱ्याच्या पांढऱ्या चादरीला मी रंगच लावत नाही, कागद तसाच मोकळा सोडतो आणि तंतूंच्या चारदोन रेघांनी तिची चमक आणतो. जलरंगाचा हात पातळ. शेवटी निबने काळी शाई, आणि मग नावांच्या रेघा, त्या एकमेकींना कधीही छेदू द्यायच्या नाहीत.

डॉक्टरांनी कोन बदलायला लावला तेव्हा मी अडलो होतो. पुस्तकात डोकं वर, पाय खाली. डॉक्टर म्हणाले, ‘‘सर, मी उजव्या बाजूला उभा असतो. मला जसं दिसतं तसं काढा. पोस्टरसारखं नको.’’ मला सगळं आडवं करावं लागलं. उलट पेशंटच्या कागदावर आता दोन चित्रं असतात. एक उभ्या माणसाचं छोटं, त्यावर जांघेजवळ एक चौकट, आणि शेजारी त्या चौकटीच्या आतलं मोठं. एका आजोबांनी त्यावर बोट ठेवून विचारलं होतं, ‘‘म्हंजे आतडं हितनं खाली येतंय व्हय? आन् तुम्ही हितं जाळी लावणार?’’ डॉक्टरांना आणखी काही सांगावंच लागलं नाही.

थर उचलत जायची ही पद्धत काही माझी नाही. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या टेबलावरचं ‘ग्रेज ॲनाटमी’ हे पुस्तक 1858 साली लंडनला निघालं. हेन्री ग्रे यांनी मजकूर लिहिला, आणि 363 आकृत्या हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी काढल्या. दोघेही सेंट जॉर्जेस हॉस्पिटलचे, शवविच्छेदनही दोघांनी मिळून केलेलं. पुस्तकाच्या पहिल्या नावातच ‘सर्जिकल’ हा शब्द होता, आणि इंग्विनल हर्नियाचा भाग त्यात एकेक थर उघडत जाणाऱ्या आकृत्यांनी समजावला आहे. कार्टर लाकडाच्या ठोकळ्यावर उलटं चित्र काढत, कारण छापल्यावर ते सुलटं होणार. म्हणजे उजवी जांघ ठोकळ्यावर डावी, अक्षरंही उलटी. आणि नावं त्यांनी बाजूला रेघा काढून न लिहिता शक्य तिथे थेट त्या स्नायूवर, त्या वाहिनीवर लिहिली. विद्यार्थ्याची नजर कागदावर इकडेतिकडे धावत नाही, जिथे पाहतो तिथेच नाव वाचतो. मी जेव्हा जेव्हा नावांच्या रेघा ओढत बसतो तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे 150 पौंड मिळायचे ठरलं होतं, कार्टरना एकदाच 150 पौंड. शीर्षकपानावरचं कार्टरचं नावही ग्रे यांनी लहान करायला लावलं. याचा मला आजही राग येतो.

पुस्तक बाजारात येण्याआधीच कार्टर मुंबईला आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचना शिकवली, आणि 1863 ते 1872 या काळात ते साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते. माळशिरस भाग 1875 साली सोलापूर जिल्ह्याला जोडला गेला, त्याआधी तो सातारा जिल्ह्यात होता. म्हणजे ‘ग्रेज ॲनाटमी’ची चित्रं काढणारा माणूस साताऱ्यात सरकारी डॉक्टर होता तेव्हा नातेपुतंही त्याच जिल्ह्यात होतं. हे कळलं त्या दिवशी मला झोप लागली नाही.

हिंदुस्थानात असताना कार्टर यांनी अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाकडे लक्ष दिलं. काटा मोडतो, मातीतली बुरशी आत जाते, पाऊल वर्षानुवर्षं सुजत राहतं, भोकं पडतात आणि त्यातून काळे किंवा पांढरट दाणे बाहेर येतात. या मायसेटोमावरचं त्यांचं पुस्तक 1874 साली लंडनला प्रसिद्ध झालं, आणि त्यातली चित्रंही त्यांनी स्वतः काढली. कापून काढलेलं पाऊल उभं चिरून आतल्या पोकळ्या, हाडात शिरलेल्या वाटा त्यांनी दाखवल्या. बाभळीच्या या मुलखात काटा सगळ्यांच्या पायात मोडतो. आषाढी वारीत माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला येते तेव्हा दवाखान्यापुढे पाय घेऊन बसलेल्यांची रांग लागते, त्यात आजही असं एखादं जुनं पाऊल डॉक्टरांना दिसतं.

कार्टरच्याही साठ-पासष्ट वर्षं आधी पुण्याजवळ झालेल्या एका ऑपरेशनचं चित्र लंडनला पोचलं होतं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका वैद्याने त्याला नवं नाक दिलं. नाकाच्या जागी मेणाचा पातळ पत्रा बसवायचा, तो उलगडून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ ओढायची, तेवढी कातडी सोडवून दोन भुवयांमधला एक छोटा पट्टा जोडलेला ठेवायचा, ती अर्धी फिरवून खाली आणायची आणि काताच्या पट्ट्यांनी बसवायची. जोडलेला पट्टा कापायचा तो सुमारे पंचविसाव्या दिवशी. तोवर नव्या नाकाला रक्त तिथूनच मिळतं. 1794 च्या ऑक्टोबरात ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीगत चित्रासह छापून आली. चित्र जेम्स वेल्स यांचं, पुण्याच्या दरबाराची चित्रं काढणारे तेच वेल्स. कावसजीच्या चेहऱ्याबरोबर त्यात मेणाच्या पत्र्याची आकृतीही आहे, आणि माझ्या दृष्टीने चेहऱ्यापेक्षा तीच महत्त्वाची. चेहरा पाहून नवल वाटतं. पत्र्याची आकृती पाहून काम करता येतं. जोसेफ कार्प्यू यांनी 1814 साली लंडनमध्ये याच पद्धतीने नाक केलं. कावसजीचं, वेल्सचं, कार्प्यूचं नाव छापलं गेलं. ज्याच्या हाताने नाक झालं त्या वैद्याचं नाव मात्र त्या हकिगतीत नाही.

अमेरिकेत वैद्यकीय चित्रकार मॅक्स ब्रोडेल यांनी तर चित्र काढता काढता शोध लावला. मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्यांना फाटे कसे फुटतात हे नीट काढता यावं म्हणून ते अभ्यास करत बसले, आणि त्यात जिथे रक्तवाहिन्या त्यामानाने कमी आहेत अशी एक जागा त्यांना सापडली. मूत्रपिंड उघडायचं तर तिथून, हे सर्जन लोक आजही मानतात आणि त्या जागेला ब्रोडेल यांचंच नाव आहे.

सध्या डॉक्टरांनी पित्ताशयाचं काम दिलंय. तिथे एक छोटा त्रिकोण असतो. एका बाजूला पित्ताशयाची नळी, दुसऱ्या बाजूला यकृताकडून येणारी नळी, वरती यकृताची कड. पित्ताशयाची धमनी बहुतेकांमध्ये याच त्रिकोणातून जाते. बहुतेकांमध्ये, सगळ्यांमध्ये नाही. काहींमध्ये ती नळीच्या पुढून येते, काहींमध्ये दोन असतात. हर्नियात मी न दिसणारी नस एका तुटक रेघेने दाखवू शकलो, कारण तिची जागा बरीचशी ठरलेली होती. इथे तुटक रेघ नेमकी कुठे ओढायची? एकच चित्र दिलं तर शिकणारा पोरगा तीच जागा धरून बसेल. म्हणून डॉक्टरांना सांगितलंय की एक मोठं चित्र नेहमीच्या रचनेचं काढतो, आणि त्याच्याखाली धमनीच्या वेगवेगळ्या वाटांची छोटी चित्रं, सगळी एकाच आकाराची आणि एकाच कोनातून. किती काढायची ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही.