पोटदुखीत आधी इंजेक्शन की आधी निदान?

पालघरजवळच्या माहीमच्या वाडीत रात्री एखाद्याच्या पोटात कळ उठली की पहिली शंका बेंबी सरकल्याची. पोट चोळलं जातं, ओवा-हिंग होतो. शेवटी माणूस गुडघे पोटाशी घेऊन विव्हळायला लागला की गाडी पालघरकडे निघते. ‘डॉक्टर, आधी इंजेक्शन द्या,’ म्हटलं तर अजूनही काही ठिकाणी उत्तर येतं, ‘आधी सर्जनना बघू द्या, दुखणं दाबलं तर निदान चुकेल.’

ही भीती शंभर वर्षं जुनी. ब्रिटिश सर्जन झॅकरी कोप यांनी १९२१ साली तीव्र पोटदुखीच्या निदानावर लिहिलेल्या पुस्तकात निदानाआधी मॉर्फिन देण्याविरुद्ध बजावलं होतं. तेव्हा ते रास्तच होतं. सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हता. डॉक्टरांची सगळी भिस्त हातावर होती.

अपेंडिक्स सुजलं की सुरुवातीला बेंबीभोवती मोघम दुखतं, कारण आतड्यांच्या मज्जातंतूंना नेमकी जागा सांगता येत नाही. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की दुखणं उजवीकडे खाली स्थिरावतं. मॉर्फिन मेंदू आणि मज्जारज्जूत वेदनेचा जोर कमी करतं, अस्तराची सूज मात्र तशीच राहते. त्यामुळे तिथे दाबलं की रुग्ण बहुधा इंजेक्शननंतरही कळवळतो. उलट कळ ओसरली की तो पोट सैल सोडतो आणि डॉक्टरांना नीट तपासता येतं.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९९२ साली १०० रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना अफूजन्य वेदनाशामक दिलं, काहींना नुसतं सलाईनचं पाणी. वेदनाशामकामुळे निदान बिघडलं नाही. पुढे वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या आढाव्यानेही हेच सांगितलं. औषध शिरेतून, थोडंथोडं, श्वास आणि रक्तदाब पाहत द्यायचं. सगळ्यांना मॉर्फिनच लागतं असंही नाही. मुतखड्याच्या कळेला डायक्लोफेनॅक बरेचदा पुरतं.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक टोचतो. पालघर-बोईसरहून रुग्णाला पुढे पाठवलं की मुंबई, वापी किंवा सिल्वासा गाठेपर्यंत तास जातात. तेवढा वेळ कोणालाही तळमळत ठेवण्याचं वैद्यकीय कारण आता उरलेलं नाही.

घरी पोट चोळू नका, एरंडेल पाजू नका, वेदनाशामक गोळ्यांचा मारा करू नका. १०८ला फोन करा. आणि रुग्णाला पुढे नेताना डॉक्टरांना विचारा: दुखणं कमी करायला काय दिलंत, किती वाजता? ते चिठ्ठीवर लिहून घ्या.