कॅसेटमधली आजी

लोणंदचा लौकिक दोन गोष्टींचा. एक, तिथला कांद्याचा बाजार. आणि दुसरी, नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आलेल्या माउलींच्या पालखीचा मुक्काम. कांद्याच्या गावाला साठवणीचे शास्त्र कुणी शिकवायला नको. चाळीत हवा खेळती हवी, ओल लागली की माल गेला, हे तिथले शाळकरी पोरही सांगेल. पण त्याच गावातल्या, आणि तुमच्याआमच्या पुण्यामुंबईतल्या घरांतही, माळ्यावर एक माल ओलीने नासतो आहे. तो म्हणजे लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले; १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने पडद्यावर रंग आले आणि मागोमाग व्हीसीआर घराघरांत शिरला. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी वर्गणी काढून तो टीव्हीसकट एका रात्रीपुरता भाड्याने आणावा आणि साऱ्या आळीने पहाटेपर्यंत तीन सिनेमे पाहावेत, असा तो काळ. लग्नात तर भटजींच्या खालोखाल मान व्हिडिओवाल्याचा! त्याच्या प्रखर दिव्याने नवरीचे डोळे मिटत, आणि ऐन मंगलाष्टकांत ‘अंमळ थांबा’ असा हुकूम भटजीबुवांनाही ऐकावा लागे.

ही कॅसेट जपानात जन्मली. सोनीची बीटामॅक्स १९७५ ची, जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ ची. चित्र सोनीचे किंचित सरस. पण तिच्या पहिल्या कॅसेटीत एकच तास मावे, व्हीएचएसमध्ये दोन. गिऱ्हाइकाने चांगल्या चित्रापेक्षा लांब कॅसेट पसंत केली. गिऱ्हाईक पुढेही असेच वागत आले आहे. व्हीसीडीवरचे चित्र म्हणजे सुमारे एक लाख ठिपके. कुणी पळू लागले की पडद्यावर चौकटीच चौकटी! तरी २००७ च्या सुमारास मोझर बेअरने अवघ्या २८ रुपयांना व्हीसीडी काढली आणि लोकांनी त्या भाजीसारख्या घेतल्या. डीव्हीडीत ठिपके चार लाखांवर गेले, ब्लू-रेमध्ये वीस लाखांवर, आणि हल्लीच्या फोर-के चित्रात ते त्र्याऐंशी लाखांच्या घरात आहेत.

आता मौज पाहा. व्हीएचएस निघाली त्याच १९७६ साली श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ आला. गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला, आपल्या स्मिता पाटीलचा तो चित्रपट. त्याची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपली होती. तिच्यावरून फोर-के प्रत तयार झाली आणि २०२४ मध्ये ती कान महोत्सवात झळकली. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर बारकावे मुळातच उतरलेले असतात. यंत्र सुधारले तसे ते वर काढता येतात. कॅसेटीचे तसे नाही. तिच्यात आडव्या दिशेने जेमतेम २४० रेघांचा तपशील. आजीच्या साडीचा काठ त्यात टिपलाच गेला नसेल, तर आज कोणते यंत्र तो आणणार?

यंत्रे आणतात, पण स्वतःच्या पदरचे! हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने जुने चित्र ‘स्वच्छ’ करून देणारे पुष्कळ आहेत. अशा चित्रात आजीच्या सुरकुत्या जातात, नाक जरा सरळ होते आणि एक अपरिचित, गुळगुळीत बाई हसू लागते. मला विचाराल तर धूसर आजी पत्करली. निदान ती आपली आहे.

आणि ती धूसर आजीही बसून आहे ती लोहाच्या प्राणिलाच्या बारीक कणांवर. ते कण ज्या लेपाने फितीला चिकटवलेले असतात तो दमट हवेने ढिला पडतो, फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट यंत्रात घातली तर फीतही जाते आणि यंत्राचे हेडही. शिवाय यंत्र आहे कुठे? फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. तिच्यामागे बनवणारा कुणी उरला नाही.

पुढे एट-के येईल, आलेच आहे. त्याची हळहळ नको. ४३ इंची टीव्ही दहा फुटांवरून पाहिला तर ब्लू-रेचे ठिपकेसुद्धा सामान्य डोळ्याला सुटे दिसत नाहीत. तो पैसा जुन्या कॅसेटीवर खर्चावा. बुरशी दिसली तर ती जाणत्याकडून साफ करवून मगच चालवावी. कॅसेट संगणकावर उतरवून घ्यावी; उतरवणाऱ्याला ‘सुधारू नका, आहे तसे द्या’ असे बजावावे. दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. घरी लिहिलेल्या डीव्हीडीवर भिस्त नको, तिचा रंगही विटतो; आणि मोबाइलवरून धाडलेली प्रत ही प्रतच नव्हे, वाटेत तिचा निम्माशिम्मा तपशील गळतो.

मग एका दुपारी घरातल्या वडीलधाऱ्यांना ते चित्रण दाखवून माणसांची नावे वहीत लिहून घ्यावीत. मांडवाच्या खांबाला टेकून उभे असलेले ते फेटेवाले गृहस्थ मुलीकडचे की मुलाकडचे, हे कोणतीच कॅसेट सांगत नाही.